शीलाबाईंचा बंद मोबाइल

१८ जुलै २०२२ रोजी जमनी रामधन राठोड यांच्या बँक खात्यात पन्नास हजार रुपये जमा झाले. करोनाने दगावलेल्यांच्या वारसांना सरकारने मंजूर केलेली ही मदत. आर्णीजवळच्या त्यांच्या तांड्याच्या आशा सेविका शीला मनवर नसत्या, तर ती जमनीबाईंना मिळाली नसती.

रामधन २०२१च्या एप्रिलात दवाखान्यात गेले ते गेलेच. घरी आली ती त्यांची पिशवी. आजार घरात शिरू नये म्हणून ती तांड्याबाहेर नेऊन जाळण्यात आली. तपासणीचा अहवाल त्या पिशवीतच होता. वर्षभराने अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा नेमका तोच लागला, कारण मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचा उल्लेख नव्हता. मुदतीला चार दिवस उरले होते.

“याडी, कागद कुठी हाय?” शीलाबाईंनी विचारले. तांड्यात त्या जमनीबाईंना आईच म्हणत.

“जळला, बाई. म्याच काडी लावली. मले का मालूम, त्यात पन्नास हजार होते?”

शीलाबाई तडक घरी आल्या. तपासणीच्या शिबिरात बहुतेकांकडे मोबाइल नव्हते, म्हणून त्यांनी एकेचाळीस जणांच्या नावापुढे स्वतःचाच नंबर दिला होता. सगळ्यांचे निकाल त्यांच्याच मोबाइलवर आले. तो पुढे बंद पडला, तरी त्यांनी टाकला नव्हता. ज्वारीच्या डब्यामागून त्यांनी तो काढला.

“ते डबडं कायले काढून राह्यली?” नवरा देवराव म्हणाला. “त्याच्यावर आता यमाचाच फोन येईन.”

“येऊ दे. मले त्यालेच रामधनबाबाचं इचारायचं हाय.”

आर्णीत दुरुस्तीवाल्या संघदीपने बॅटरी बदलली. तासाभराने पडदा उजळला. शीलाबाई दुकानाच्या पायरीवर बसून एकेक मेसेज मागे सारत गेल्या. शेवटी रामधन राठोड हे नाव सापडले, तपासणीच्या क्रमांकासह. त्या क्रमांकावरून दवाखान्याने अहवालाची प्रत दिली आणि मुदतीच्या आदल्या दिवशी सेतू केंद्रात अर्ज भरला गेला. त्याच रात्री त्यांनी उरलेल्या चाळीस जणांचे क्रमांकही वहीत उतरवून ठेवले. तसे करायला त्यांना कुणी सांगितले नव्हते.

पैसे आल्यावर जमनीबाई बॅटरीचा खर्च द्यायला आल्या.

“ठेव, याडी. मोबाइल माया हाय.”

बॅटरीचे तीनशे वीस रुपये झाले होते. त्यातले एकशे वीस शीलाबाई संघदीपला अजून देणे लागतात.