चांगला पाय

घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या तबेल्यात बावीस वर्षे काढलेल्या बाईला सगळे वहिनीच म्हणत. तिथला नालबंद तिचा सख्खा दीर. त्याच्या तोंडचे नाते मालकापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांनी आपसूक उचलले होते. वहिनी बोलत कमी असे. काम मात्र असे चोख, की तिने खरारा केलेल्या पाठीवरून पांढरा रुमाल फिरवला तरी तो पांढराच राहावा.

आठ महिन्यांच्या शिंगराचा पुढचा डावा पाय कुंपणाच्या खालच्या दांड्यात अडकला, तेव्हा त्याची मान कवटाळून तीच उभी राहिली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. गुडघ्याखाली हाडाला बारीक चीर गेली होती.

"सहा आठवडे ठाणाबाहेर काढायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "तोवर त्यानं या पायावर भार घेतला तर ठीक. नाही घेतला तर वहिनी, मी त्याचे हाल लांबवणार नाही. इंजेक्शन देऊन मोकळं करीन."

"घेईल."

"त्याच्याकडून लिहून घेतलंय वाटतं?" नालबंद म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही आधी आपले खिळे वेचा. परवा भुशात दोन सापडले मला."

दुसऱ्या दिवसापासून वहिनीने ठाण मांडले. सकाळी बादली पालथी घालून ती शिंगराच्या डाव्या अंगाला बसे, जुनी पट्टी सोडी, पाय कोमट पाण्याने पुसून कापसाचा थर देई आणि नवी पट्टी गुंडाळी. पट्टीखाली दोन बोटे सरकली पाहिजेत, तिसरे नको, हा तिचा हिशेब. कोंडल्या जागी शिंगरू पिसाळू नये म्हणून तिने शेजारच्या ठाणातल्या त्याच्या आईच्या बाजूची एक फळी काढवली. मायलेकरांची नाके एकमेकांना लागू लागली आणि लाथाळी थांबली.

तिसऱ्या आठवड्यात सूज ओसरली. चौथ्यात मात्र शिंगराने चंदीच्या घमेल्यापासून तोंड फिरवले. उभे राहण्यापेक्षा ते पडूनच राहू लागले. वहिनीने पट्टी सैल केली, पुन्हा आवळली, कापूस बदलला. डावा पाय तर रोज सुधारत होता. मग बिनसले कुठे?

एके दिवशी नालबंद शेजारच्या घोडीचे, शिंगराच्या आईचे, खूर तासायला आला होता. जाता जाता तो शिंगराच्या ठाणात शिरला आणि सवयीने चारही खुरांवरून हात फिरवू लागला. तिसऱ्याशी थबकला.

"वहिनी, हा तव्यासारखा तापलाय."

"कुठला?"

"पुढचा उजवा. चांगला."

वहिनी उठून पलीकडे गेली. घोड्याजवळ जायचे ते डावीकडून, हा तबेल्यातला पहिला धडा. लगाम, खोगीर, खरारा, सारे तिकडूनच. दुखरा पायही नेमका डावाच. उजव्या अंगाला ती पाठीवरून हात लांबवून ब्रश फिरवी, पण महिनाभरात खाली वाकली नव्हती. आणि महिनाभर त्या एका पायाने दोन्ही पायांचा भार वाहिला होता.

"आतून सुजलाय," नालबंद हलक्या आवाजात म्हणाला. "हा गेला तर चीर सांधून उपयोग नाही. उभं कशावर राहणार ते?"

तिने पदर खोचला. "डॉक्टरांना फोन लावा."

"सांगू काय? उजवा आजच तापला म्हणून?"

"इकडे द्या फोन." आणि तिने डॉक्टरांना सगळे सांगितले, महिनाभर आपण तो पाय पाहिला नाही, हेही.

डॉक्टरांनी धावत येऊन औषध सुरू केले. नालबंदाने जाड रबरी तुकडा खुराच्या मापाने कापून तळाला बांधला. वहिनीने ठाणात वीतभर जास्त भुसा ओतला, आता दोन्ही पायांना पट्ट्या बांधल्या आणि दिवसभर दर दोन तासांनी उजवा खूर बर्फाच्या पाण्यात बुडवून धरला. बोटे बधिर होत. शिंगरू बादली लाथाडी.

"मार, हवी तेवढी मार," ती पाणी पुन्हा भरत म्हणे. "पण पाय इथंच ठेवायचा आहे."

"तुम्हाला पण बुडवून ठेवावं लागेल," नालबंद म्हणे. "डोकं तापलंय."

"मग बर्फ जास्त आणा."

सहाव्या दिवशी खूर निवला. आठव्या दिवशी चंदीचे घमेले चाटून पुसून साफ झाले.

सहा आठवडे भरले त्या सकाळी डॉक्टरांच्या देखत वहिनीने शिंगराला फरसबंदीवर आणले. ते आले, लंगडत, चार पावले टाकून थांबले. डावा पाय नुसता टेकलेला. डॉक्टरांनी इंजेक्शनची पेटी शेजारी ठेवली. नालबंदाने घोडीला ठाणाच्या दारात आणले, तशी ती खिंकाळली. शिंगराने कान टवकारले आणि अधीर होऊन उजव्या खुराने फरशी उकरायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा. पुढचा सगळा भार डाव्यावर होता.

डॉक्टर गुडघ्यावर बसले. दोन्ही पाय चाचपून झाल्यावर त्यांनी न उघडलेली पेटी उचलली.

"उड्या मारायच्या कामाचं होणार नाही हे."

"नको होऊ दे."

"उद्यापासून हातात धरून फिरवा. दहा मिनिटं. अकरा नाहीत."

"एकदम दहा, की पाच-पाच?" वहिनीने विचारले.