खळ वाळेपर्यंत हात लावायचा नाही

आमच्या गल्लीतला बाइंडर आपण शिडीवरून पडलो असं सांगतो. खरं असं, की शेजारच्या दुकानात झेरॉक्सवाल्याच्या सासूबाई आल्या होत्या, फळीच्या भिंतीपलीकडे आवाज चढला होता, आणि बाइंडर नीट ऐकू यावं म्हणून स्टुलावर चढला होता. मला कसं माहीत? दुसऱ्या स्टुलावर मी होतो.

उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनगट हलवू नका, बोटं मात्र हलवत राहा." बाइंडरानं पहिलं तेवढं ऐकलं. त्याच्या धंद्यात असं अर्धंमुर्धं हलवणं नसतंच. पुस्तकाच्या पाठीला खळ लावली, वर दाब ठेवला, की वाळेपर्यंत हात लावायचा नाही. लावला तर पाठ वाकडी. तेव्हा हा गृहस्थ हात उशीवर ठेवून असा बसायचा, जणू तो शेजाऱ्यानं सांभाळायला दिलाय.

प्लास्टर निघालं. एक्स-रेच्या फोटोत हाड जुळलेलं, पण मूठ काही वळेना. बाई म्हणाल्या, "कोमट पाण्यात बुडवून हळूहळू हलवा." इथं बाइंडर पार चक्रावला.

"काका, जुळलंय तर दुखतं का? आणि जुळलं नसेल तर हलवू कशाला?"

मी दोन्ही प्रश्नांना मान डोलावली. मला तरी कुठं कळत होतं?

घरी जाऊन त्यानं मनगटाला पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या बांधल्या. बायकोला वाटलं, बाईंनीच सांगितलं असेल. तिकडे दुकानात मेहुणा बसला होता. त्यानं बांधलेली पुस्तकं उभी राहत नसत, एकमेकांच्या खांद्यावर माना टाकत.

"दाजी, आता दुकान माझ्यावरच सोडा," एक दिवस मेहुणा म्हणाला. बाइंडरानं सुई उचलली. ती बोटांतून निसटली. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या खेपेला बाईंनी पट्ट्या पाहिल्या. "हे कुणी बांधलं?" बायकोनं नवऱ्याकडे कसं पाहिलं, ते मी सांगत नाही. घरी आल्यावर तिनं विचारलं, "अहो, नवं बांधलेलं पुस्तक देताना गिऱ्हाइकाला काय सांगता?"

"एकदम मधून उघडू नका. इकडून चार पानं, तिकडून चार, असं हलक्या हातानं दाबत जा. नाहीतर पाठ ताठ राहते आणि..." त्याची नजर मनगटावर गेली. मग म्हणाला, "पण अगं, खळ वाळली हे बाहेरून कळायचं कसं?"

"बाईंनी आतला फोटो पाहिलाय. भिंतीपलीकडचं बघायला तुम्ही स्टुलावर चढता, आणि आतलं बघणाऱ्या बाईवर विश्वास नाही?"

म्हणजे शिडीची थाप तिला पहिल्यापासून ठाऊक होती.

रोज कोमट पाण्याचं घमेलं. मनगट वर, मनगट खाली, ती म्हणे, "इकडून चार पानं, तिकडून चार." तो कण्हे, आणि मध्येच विचारी, "जुळलेलं हलवल्यावर सुटत कसं नाही?" हे त्याला अजून कळलेलं नाही.

काल तो दुकानात एक बारीकशी वही शिवत होता. पाठ जरा तिरकी आली, तर म्हणे दोरा मेहुण्यानं आणलेला. एवढ्यात फळीपलीकडे आवाज चढला. बाइंडरानं स्टुलाकडे पाहिलं, मग हाताकडे.

"काका, तुम्ही चढा," तो म्हणाला, "आणि काय म्हणतात ते सांगा."

सुई त्यानं सोडली नाही.