लाल चिठ्ठीचे पिंजरे

आमचा नागसेन रोज सकाळी बुद्धमूर्तीसमोर पंचशील म्हणून अंबरपेठच्या घरातून निघायचा. पहिलंच शील, जीवहत्या करणार नाही. मग प्रयोगशाळेत जाऊन उंदरांना आजारी पाडणारं खाणं घालायचा.

आठ वर्षं त्याने हे दोन्ही निभावलं, ते रेणुकाअक्कामुळे. त्याच्या या मोठ्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. प्रयोगशाळेत मूत्रपिंडाचंच औषध तपासत होते. कधीतरी ते अक्कापर्यंत पोचेल, एवढ्यावर तो रोज पिंजऱ्यांची खोली उघडायचा.

"काय म्हणतेत रे तुझे पाव्हणे?" अक्का विचारायची.

या खेपेला पाव्हणे चाळीस होते. सगळ्यांच्या खाण्यात मूत्रपिंड बिघडवणारी पूड. विसांना औषध मिळे. लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतल्या विसांना काहीच नाही. तुलना करायची तर असंच करावं लागतं, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख भाग्यलक्ष्मी मॅडमनी समजावलं होतं. त्याला पटलंही होतं.

तिसऱ्या आठवड्यात लाल चिठ्ठीवाले सुकले. केस विस्कटले, पाठीला पोक आलं. डायलिसिसच्या आदल्या दिवशी अक्का अशीच बसते, अंग आखडून. बाकीच्यांना निदान औषध तरी आहे, असं त्याच्या मनात आलं. त्या दिवसापासून तो लाल चिठ्ठीवाल्यांना साधं खाणं घालू लागला. खाण्याच्या गोळ्या दिसायला सारख्याच. कुणाच्या लक्षात आलं नाही. उंदरांनी अंग धरलं, तेव्हा त्याला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

महिन्याने रक्ताचे अहवाल आले. दोन्ही गट जवळपास सारखे. मॅडमनी दोन्ही गटांचे आकडे पुन्हा जुळवून पाहिले. औषधात दम नाही, म्हणाल्या. सोमवारी वर कळवून काम बंद करू.

नागसेनच्या हातात पाण्याची बाटली होती. ती त्याने खाली ठेवली. लाल चिठ्ठीवाले औषधाविना सुधारले ते त्याच्या साध्या खाण्याने, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गप्प राहिला असता तर नोकरी टिकली असती. औषध तेवढं गेलं असतं.

त्याने सगळं सांगितलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. "कितने दिन?" एवढंच विचारलं. मग वहीत तारखा लिहून घेतल्या. प्रयोग वाया गेला होता. नवे चाळीस उंदीर मागवायचे, पुन्हा पहिल्यापासून. नागसेनचं काय करायचं ते वरचे ठरवतील.

"आणि हे चाळीस?" त्याने विचारलं.

मॅडमनी वही मिटली. आठ वर्षांत त्याला ते ठाऊक नव्हतं असं नाही. वाया गेलेले उंदीर ठेवत नाहीत, मारून टाकतात. दुपारी एकेक पिंजरा त्यानेच उचलून दिला. लाल चिठ्ठीवाले चांगले गुबगुबीत झाले होते.

घरी अक्काने विचारलं, औषध पुढं सरकलं का?

"पुन्हा तपासणार हैत, अक्का. पहिल्यापासून."

"हौ? बरं झालं की," ती म्हणाली. "पाव्हण्यांना नीट खायाला घाल बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मूर्तीसमोर उभा राहिला. हात जोडले. पंचशील त्याने दुसऱ्या शीलापासून सुरू केलं.