डस्टरला यंदा काय घालायचं

वर्लिन टॉर्गरसननं डस्टर घेतली तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. गाडी हिरवी, दोन दरवाजांची, दिसायला साधीच, पण बॉनेटखाली दांडगी. विस्कॉन्सिनच्या त्या भागात अशी गाडी आठवडाभर गॅरेजात पांघरूण घेऊन झोपते आणि रविवारी शर्यतीच्या पट्टीवर जाते. पाव मैल सरळ रस्ता, शेजारी दुसरी गाडी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. हिवाळ्यात बर्फ पडलं की पट्टी बंद. मग चार-पाच महिने एकच काम उरतं: यंदा गाडीला काय घालायचं ते ठरवायचं आणि घालायचं. वर्लिनचा रिवाज असा की एका हिवाळ्यात एकच गोष्ट. एका वर्षी सायलेन्सरचे पाईप बदलले, एका वर्षी गिअरबॉक्स, एका वर्षी मागची टायरं. तो घाई करत नसे.

पोटापाण्याला तो चीजच्या कारखान्यात थंड खोल्यांची यंत्रं सांभाळायचा. पन्नाशी उलटल्यावर काचबिंदूनं त्याची बाजूची नजर खाल्ली. समोरचं दिसे, पण नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, लायसन गेलं. त्यानं आदळआपट केली नाही. एका संध्याकाळी पुठ्ठा घेऊन 'विकणे आहे' अशी पाटी रंगवायला बसला. मार्लिस, त्याची बायको, भांडी पुसत होती. गावात तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि तोवर डस्टरमध्ये ती बसली असेल ती जत्रेला जाण्यापुरती.

"विकतोस कशाला?" ती म्हणाली. "मी चालवते."

"तू?"

"का? मला दोन्ही बाजूंचं दिसतं."

पहिला उन्हाळा तिनं गिअर चुकवण्यात घालवला. दुसऱ्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या गटातली माणसं तिच्या शेजारी लागायला नाखूश होऊ लागली. दिवा लागला की तिचा हात आणि पाय एकदमच हलायचे. वर्लिनला ते कधी जमलं नव्हतं, आणि हे तो चारचौघांत सांगायचाही. तो सुरुवातीच्या रेषेमागे, बरोबर गाडीच्या पाठीशी उभा राहायचा. त्याच्या उरलेल्या नजरेला तीच जागा सोयीची. मागची चाकं जमीन धरताना दिसायची, गाडी उठून सरळ लांब जायची, लहान व्हायची, संपायची. मग मार्लिस परतीच्या रस्त्यानं फिरून यायची आणि खिडकीतून वेळेची चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची.

चिठ्ठीत एक गोष्ट त्याला छळायची. अर्ध्या पट्टीपर्यंत गाडी सगळ्यांच्या पुढे असे, आणि शेवटच्या टप्प्यात वेग मंदावे. इंजिन जोरात फिरायला लागलं की पुरता श्वास घेत नाही, हे त्याचं निदान. दोन हिवाळे त्यानं कार्बोरेटर उघडला, त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोट्या, बदलले, पुन्हा बसवला. फरक शून्य. म्हणून सप्टेंबरात आर्लोनं जेव्हा सांगितलं की ॲल्युमिनियमच्या हेडांची, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणांची, एक जोडी, फारशी न वापरलेली, विकायला आली आहे, तेव्हा वर्लिनला रात्रभर झोप आली नाही. आर्लो म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, गावाबाहेर इंजिनकामाचा कारखाना चालवणारा. नव्या हेडांनी इंजिन मोकळा श्वास घेणार, हे दोघांचंही ठरून गेलं.

जेवताना त्यानं ही बातमी मार्लिसला दिली. ती भाजलेल्या बटाट्यांचं पातेलं टेबलावर ठेवत होती.

"ब्रेक," ती म्हणाली.

"काय ब्रेक?"

"यंदा ब्रेक घाल. पुढच्या चाकांना डिस्क."

"अगं, ब्रेकनं गाडी पळते का?"

"पळते ते मला ठाऊक आहे." तिनं त्याला वाढलं. "थांबते कशी ते तुला ठाऊक नाही."

मार्लिस एवढंच बोलली. त्या घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती. ज्याला राग यायचा तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊन खुर्चीत बसायचा. त्या रात्री दोन्ही खोल्यांत एकेक माणूस बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आर्लोकडे वर्लिननं हे बोलून दाखवलं. आर्लो खो-खो हसला.

"ब्रेक! अरे, थांबायचंच असेल तर गॅरेजातच थांबते की गाडी. एक पैसा खर्च नाही."

"ती ऐकत नाही रे."

"मग तिला सांग, हेड तुझ्या वाढदिवसाची भेट आहे."

"तू लग्न केलं नाहीस ते बरं झालं, आर्लो."

हंगामाचा शेवटचा रविवार ऑक्टोबरात होता. पट्टीच्या शेजारच्या शेतांतला मका वाळून उभा होता, आणि थंडी अशी की लोक सॉसेजच्या शेगडीभोवती रांग सोडून नुसतेच उभे होते. मार्लिसनं हेल्मेट चढवलं आणि पट्टा आवळता आवळता म्हणाली, "आज मागे उभा राहू नकोस."

"मग कुठे?"

"टोकाला जा. आर्लो नेईल."

"तिथून सुटताना काही दिसणार नाही मला."

"सुटलेलं खूप पाहिलंस."

आर्लोनं आपल्या पिकअपमधून त्याला कुंपणाच्या कडेनं पार टोकाला नेलं. तिथं टोइंगचा ट्रक उभा असतो, कुणाची गाडी बंद पडली तर ओढून आणायला. ट्रकवर डेलमार नावाचा जाडजूड, अबोल माणूस होता. वर्लिन त्याला ओळखत होता, पण इतक्या वर्षांत नमस्कारापलीकडे गेला नव्हता. डेलमारनं थर्मासच्या झाकणातून दोघांना कॉफी दिली. लांबवर लाऊडस्पीकरवर टॉर्गरसन हे नाव पुकारलं गेलं. डेलमारनं थर्मास खाली ठेवला आणि ट्रकचं इंजिन चालू केलं.

"का रे?" आर्लोनं विचारलं.

"हिरवी गाडी आली की ठेवतो चालू."

वर्लिननं ते ऐकलं, पण तेवढ्यात डस्टर सुटली. ती त्याला दिसली नाही, ऐकू आली. एक गिअर, दुसरा, तिसरा. इंजिन भरल्या गळ्यानं गात होतं; श्वासाचा कुठे प्रश्नच नव्हता. आणि मग, शेवटच्या रेषेच्या बऱ्यापैकी आधी, आवाज पडला. बिघाडानं आवाज पडतो तो अडखळत पडतो. हा एकदम, गुळगुळीत पडला. कुणीतरी पाय उचलला होता.

हिरवा रंग त्याच्या नजरेच्या नळीत आला तेव्हा गाडीचं नाक डावीकडे ओढत होतं. मागचा भाग शेपटीसारखा हलला, एकदा, दोनदा. चाकांतून पांढरा धूर आला. वळून परत जायचा पहिला रस्ता गेला, शेवटचाही गेला. वर्लिन मान फिरवून फिरवून गाडी नजरेत धरत होता. पट्टी संपते तिथं वाळूचा ढीग आहे, त्याच्या अगदी पुढ्यात डस्टर उभी राहिली. थोडा वेळ ती हललीच नाही. मग सावकाश मागे आली, वळली आणि परतीच्या रस्त्याला लागली. डेलमारनं ट्रक बंद केला.

"नेहमीच असं होतं?" आर्लोनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"उन्हाळ्यात जरा बरं असतं," डेलमार म्हणाला.

परत आल्यावर वर्लिननं चिठ्ठी मागितली नाही.

"रेषेआधी पाय उचलतेस," तो म्हणाला.

"उचलते."

"कधीपासून?"

"वेगात चालवायला लागले तेव्हापासून."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. ब्रेक ओढतात म्हणून सांगितलं. तू लायनर घट्ट केलेस आणि म्हणालास, झालं." तिनं हातमोजे काढले. तळवे ओले होते. "मग वाटलं, पाय उचलला की भागतंय."

दोन हिवाळे उघडलेला कार्बोरेटर वर्लिनच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्या जेटांसाठी मारलेले हेलपाटेही. घरी जाताना मार्लिस चालवत होती आणि तो शेजारी बसून समोरच्या रस्त्याचा त्याला दिसणारा गोल तुकडा पाहत होता.

हेडांची जोडी पलीकडच्या काउंटीतल्या एकानं नेली. आर्लो हळहळला. वर्लिनही हळहळला, खोटं कशाला बोलायचं. जानेवारीत त्यानं पुढच्या चाकांचे जुने ब्रेक-ड्रम उतरवले. एक लायनर तेल पिऊन चकचकीत झाला होता, दुसरा कोरडा. नाक एका बाजूला का ओढतं ते समजायला अजून काही लागलं नाही. डिस्क बसवायला, ब्रेकच्या नळ्या वाकवायला, त्यांतली हवा काढायला महिना गेला. हवा काढताना मार्लिस सीटवर बसून पेडल दाबायची आणि तो खालून ओरडायचा, "दाब! धर! सोड!" डिस्क बसवून झाल्यावर त्यानं तिच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर गाडी थांबवून पाहायला तिला सांगितलं. थांबली. दुकानात केस कुरळे करायच्या गुंडाळ्या डोक्याला लावून बसलेल्या एका बाईनं काचेतून टाळ्या वाजवल्या.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मार्लिसनं रेषेपर्यंत पाय उचलला नाही. डस्टर त्या इंजिनावर आजवर कधी धावली नव्हती इतकी वेगात धावली, आणि वळायच्या दुसऱ्या रस्त्याला शांतपणे वळली. पुढच्या फेरीत ती दिव्याच्या आधी सुटली, लाल दिवा लागला आणि त्या बाद झाल्या, ती आणि गाडी दोघीही. रागानं तिनं हेल्मेट गवतात फेकलं. वर्लिननं ते उचलून पुसलं.

शरद ऋतूत तिनंच विषय काढला. "यंदा हेड घालू या."

"बघू," तो म्हणाला, आणि त्या हिवाळ्यात तिच्या सीटचे पट्टे बदलले. हेडं त्याच्या पुढल्या वर्षी आली.

शर्यतीच्या दिवशी तो आता सुरुवातीच्या रेषेवर नसतो. आर्लो त्याला सकाळी टोकाला सोडतो आणि जेवायला परत आणतो. डेलमार बोलत नाही, पण कॉफी दोघांपुरती आणतो. हिरव्या गाडीसाठी तो आता ट्रक चालू करत नाही. वर्लिननं त्याला एकदा विचारलं, तिच्यासाठी थंडीत तरी ट्रक चालू ठेवशील का? डेलमारनं थोडा विचार केला आणि किल्ली फिरवली.