टाकी फुल, पाणी नाही

बारामतीतल्या सलीमभाईंच्या दुकानात सेन्सर कमी आणि किस्से जास्त तयार होतात. सोल्डरिंग माझ्याकडे, म्हणून दोन्हींचा साक्षीदार मीच. काम तसं साधं. टाकीच्या झाकणाला सेन्सर लावायचा, त्याने कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्यावर सोडायचा आणि परत आलेला बारीक प्रतिध्वनी ॲम्प्लिफायरने मोठा करायचा. तो लवकर आला की टाकी भरली, दिवा पेटणार, मोटर बंद. तयार ॲम्प्लिफायर बाजारात मिळतो. पण सलीमभाईंना तो स्वस्तातल्या सुट्या ट्रान्झिस्टरमधून स्वतः बनवायचा होता. त्यांच्या अब्बांनी बजावलं होतं, "ईदपातूर चाललं तर ठीक. न्हायतर हितं मोबाईलच्या कव्हरचं दुकान."

*

दोन ट्रान्झिस्टरने भागेना म्हणून सलीमभाईंनी तिसरा लावला, मग चौथा. शेजारचा चहावाला दुधात पाणी असंच वाढवत जातो. चौथा लागला आणि सेन्सर जोडायच्या आधीच दिवा पेटला: टाकी फुल! ॲम्प्लिफायर स्वतःचंच ऐकून आपला आपणच किंचाळत होता.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "बघ, सेन्सरचा खर्चबी वाचला."

*

मग ट्रान्झिस्टर कमी करून पहिला नग लासुर्ण्याच्या तात्यांकडे बसवला. आठवड्यात तात्या दुकानात हजर. "मी टाकीपाशी गेलो की मोटर बंद, माघारी फिरलो की चालू. माझ्यावर राग हाय का ह्याचा?"

जाऊन पाहिलं तर तात्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या खुळखुळल्या की तसलाच न ऐकू येणारा आवाज निघतो, आणि आमचा ॲम्प्लिफायर तर ऐकायला टपलेलाच.

"तात्या, किल्ल्या काकूंकडं देत जावा," सलीमभाई म्हणाले.

तात्यांनी थोडा विचार केला. "मोटर बंदच ऱ्हाऊ द्या."

*

सणसरला आबांच्या टाकीवर चिंच, चिंचेत किडे टिपणारी बारकी वटवाघळं. दिवस मावळला की ती तसलंच कानाला न ऐकू येणारं ओरडायची आणि मोटर बंद पडायची.

आबा म्हणाले, "टाकीत पाणी किती हाय ते सोडून गावातलं समदं ऐकतंय. ह्याला ग्रामपंचायतीत बसवा."

*

ईद तोंडावर आली तेव्हा लोणी देवकरच्या एका कारखान्यात डेमो ठरला. शेवट बघायला अब्बाही आले. साबणाच्या डबीत बसवलेला ॲम्प्लिफायर सलीमभाईंनी रिकाम्या टाकीवर लावला. दिवा पेटला: टाकी फुल.

कारखान्याचे साहेब हसले. सलीमभाईंनी मान खाली घातली आणि सेन्सर काढून हातात घेतला. तो वळवला तसा दिवा विझला. शेजारच्या कॉम्प्रेसरच्या हवेच्या पाइपाकडे नेला, पुन्हा पेटला.

"हवा लीक होतीय साहेब. हे तिचा आवाज ऐकतंय," सलीमभाई पुटपुटले.

"आमच्या लाइनला लीकेज नाही," साहेब म्हणाले. "मागच्याच महिन्यात तपासणी झाली."

अब्बांनी पाइपाच्या जोडावर तळहात धरला. मग साहेबांचा हात धरला आणि तिथेच नेऊन ठेवला.

साहेबांनी जोडावर हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "टाकीचं राहू द्या. लीकेज शोधायला अशा दहा डब्या लागतील. द्याल?"

सलीमभाई बोलायच्या आधी अब्बाच पुढे झाले.

"साहेब, कव्हर कुठल्या रंगाचं पायजे?"