गोलोलेच्या पाण्याचा बाप

इंजिन बंद झालं, तेव्हा सगळ्यात आधी गुरं गप्प झाली. मग माणसं.

तुमे हलाके पंपघराच्या दारात उभी होती. इंजिनाची लोखंडी चावी तिनं कमरेच्या ओच्यात खोचली होती. समोर लांबलचक हौद, त्यात वीतभर पाणी. हौदाच्या एका अंगाला तिच्या सख्ख्या भावाची, दिदाची गुरं होती. दुसऱ्या अंगाला परक्या कुळाच्या कांचोराची. ती पल्याडच्या कुरणातून पाण्यासाठी चालत आलेली. त्यांतल्या कितीतरी गाई आता उभ्यासुद्धा राहत नव्हत्या. दोन्हीकडच्या पोरांच्या खांद्यावर बंदुका होत्या, आणि मघाशी त्या खांद्यावरून हातात आल्या होत्या. म्हणूनच तिनं इंजिन बंद केलं होतं.

"ताई, डोकं फिरलं का तुझं?" दिदा ओरडला. "मी पहाटे आलोय. आधी येईल तो आधी पाजेल, हा नियम कोणाचा? तुमचाच ना?"

नियम तिचाच होता. निदान तिच्या तोंडून आलेला.

एकोणिसाव्या वर्षी तुमे दुभाषी म्हणून परदेशी मदत संस्थेत लागली. तेव्हा मक्याची पोती ट्रकमधून उतरायची आणि ती साहेबाच्या शेजारी उभी राहून आपल्या बोराना जमातीच्या भाषेत ओरडायची, "रांगेत या, रांगेत!" पुढं ती दूर तुर्काना मुलखात गेली, सुदानच्या सीमेवरच्या छावण्यांत गेली, पटकीच्या साथीत क्लोरीन मोजत हिंडली. साहेब दोन वर्षांसाठी यायचे, रडत निरोप घ्यायचे आणि जायचे. तुमे राहायची. शेवटी ती आपल्याच मुलखाची प्रमुख झाली आणि तिनं गोलोलेला बोअर मारून घेतला. खोल, गोड पाण्याचा. सारी नोकरी एका पारड्यात आणि हा बोअर दुसऱ्यात, असं ती म्हणायची.

बोअर सुरू झाला त्या दिवशी संस्थेच्या सांगण्यावरून तिनं सभेत समजावलं होतं, की पाणी सगळ्यांचं, कूळ-बीळ काही नाही, कारभार समिती बघेल, आधी येईल तो आधी. तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "मुली, या पाण्याचा बाप कोण?"

"सगळेच," ती म्हणाली होती. सगळे हसले होते. तीसुद्धा.

बोरानांच्या प्रत्येक विहिरीला बाप असतो. ज्यानं खोदली तो, आणि त्याच्यामागं त्याचं कूळ. पहिला हक्क त्याचा, आणि पाळ्या लागतात त्या त्याच्यानंतर. गोलोलेचं पाणी यंत्रानं खोदलं होतं. पावसाची वर्षं होती तोवर कोणाला फरक पडला नाही. आता तीन पावसाळे कोरडे गेले होते आणि नळातून करंगळीएवढी धार येत होती. दोन्ही कळपांना एकाच वेळी पुरण्याइतकं पाणी आज नव्हतं. गोळी सुटली तर तेही कोणी पिणार नव्हतं. रक्त सांडलेल्या हौदाला बोराना तोंड लावत नाही. म्हणजे दोन्ही कळप गेले.

गाडीतल्या वायरलेसवर संस्थेच्या मोयाले शहरातल्या ऑफिसातला हेन्रिक साहेब खरखरत होता. ड्रायव्हर गुयोनं काचेतून हाक मारली, "बाई, साहेब म्हणतो तिथून निघा. ताबडतोब!"

"त्याला म्हण, गाडी पंक्चर आहे."

"चारही चाकं?"

"पाचवंसुद्धा. गप बस."

कांचोरा पुढं आला. म्हातारा, वाळक्या बाभळीसारखा. बंदूक त्याच्याकडे नव्हती. त्याच्या मागच्या पोरांकडे होती.

"चावी दे, लेकी. नाहीतर पोरं घेतील. मला आवरायची नाहीत."

"घेऊ देत," तुमे म्हणाली. "चावी घ्याल. पण मग पाजणार कोण आधी? तुम्ही भांडून ठरवाल, तोवर दोघांच्याही गाई मरतील. आबा, तुमच्या विहिरीवर असं झालं असतं तर काय केलं असतंत?"

"आमच्या विहिरीला बाप आहे."

"मग?"

"मग काय! त्याच्यापुढं मुंडासं काढून मागायचं. तो नाही म्हणू शकत नाही, पण मागावं लागतं. इथं मागू कोणाला? तुझ्या इंजिनाला?" त्यानं हौदाकडे हात केला. "बाप नसलेल्या पाण्याकडं माणूस बंदूक घेऊनच येतो."

एक गाय गुडघ्यांवर बसली आणि कुशीवर कलंडली.

कांचोरानं गाईवरची नजर तुमेकडे वळवली. "हे खोदायला यंत्र आणलं कोणी?"

"मी."

"बाईच्या नावावर पाणी लागत नाही," दिदा म्हणाला.

"तिच्या नाही. तिच्या कुळाच्या," म्हातारा सावकाश म्हणाला. "आणि तिचं कूळ म्हणजे तूच की रे, शहाण्या."

दिदाचा चेहरा उजळला. पहिला हक्क आपला, हेच त्याच्या डोक्यात आधी आलं, हे तुमेला लख्ख दिसलं. तिनं चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. संस्थेची समिती, नियम, सगळं त्या चावीबरोबर गेलं, हे तिला कळत होतं. गुयोच्या काचेआड साहेब अजून खरखरत होता.

"घे. तुझं पाणी. पाज आधी तुझी."

दिदा पंपघराकडे वळला. तेवढ्यात कांचोरानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. दोन पावलं पुढं आला आणि धाकट्या माणसापुढं मान खाली घालून म्हणाला, "गोलोलेच्या बापा, माझ्या गाई तहानल्यात."

पोरांच्या बंदुका हळूहळू खाली आल्या. एकाची वर राहिली होती, तिच्यावर शेजारच्यानं हात ठेवला.

दिदा चावी घेऊन मागं वळला. मग त्यानं पडलेल्या गाईकडे पाहिलं आणि कोणाला तरी शिवी हासडली. कोणाला, ते कळलं नाही.

"आण," तो म्हणाला. "पडलेल्या आधी आण. माझ्या शेवटी."

इंजिन सुरू झालं. पडलेल्या गाईंना पोरांनी डब्यातून पाजलं. दोन्हीकडची पोरं एकाच गाईला शेपटीकडून उचलत होती आणि एकमेकांना शिव्या देत होती, पण आता साध्या. दिवस कलला तसा दिदाचा कळप हौदाला लागला. धार बारीक होत गेली, पण टिकली. त्या कळपातली फक्त एक तांबडी गाय हौदापर्यंत पोचली नाही.

दिदा बहिणीशेजारी येऊन बसला.

"ती तुझी होती, ताई. बाबांनी दिलेली. निवृत्त झाल्यावर तिचं दूध पिणार होतीस."

"ठाऊक आहे."

"आता?"

"आता चहा काळा पिईन," तुमे म्हणाली आणि गाडीकडे निघाली. हेन्रिकला सांगायचं होतं, की गोलोलेला आता समिती नाही, बाप आहे. आणि पुढच्या वेळी डिझेल पाठवताना त्या बापाला विचारून पाठवा.