पित्त नव्हतंच ते

"तुम्हाला लॅटेक्सची ॲलर्जी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मूर्खासारखी म्हणाले, "छे, मला फक्त पित्त उठतं."

मला सातवा महिना होता. आम्ही राहतो त्या डेल्फ्ट या डच शहरात डेंटिस्टने हातमोजे घालून दात तपासले, तर ओठ टम्म सुजले, घसा आवळला. म्हणून रक्त तपासलं. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. हातमोजे, फुगे, काही नळ्या त्याच्या असतात. काहींना त्याच्या जोडीला केळं, किवी, ॲव्होकाडोही बाधतं.

केळं खाल्लं की माझी जीभ लहानपणापासून खाजायची. फुगे फुगवले की अंगावर गांधी. आई आमसुलाचं पाणी चोळायची. "पित्ताची प्रकृती हिची." झालं! त्यामुळे इथल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, ॲलर्जी विचारली तेव्हा मी ठणकावून नाही म्हटलं होतं.

"सीझर झालं तर हातमोजे पोटाच्या आत जातात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रिॲक्शन आली तर रक्तदाब कोसळतो, बाळालाही धोका. भेटेल त्या प्रत्येकाला सांगा. मलासुद्धा पुन्हा सांगा."

त्या रात्रीपासून मला झोप नाही.

पुण्याहून आई बाळंतपणाला आली. ऐकून म्हणाली, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." मी भडकले, मग रडले. त्यानंतर तिने तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी हॉस्पिटलात बाळाचे ठोके मंदावले. तातडीचं सीझर! माझा नवरा अमित तासाभरावरच्या स्लोटरडाइकच्या ऑफिसातून निघालेला, वाटेत ट्रेन रखडलेली. सोबत फक्त आई. नवे चेहरे धावत आले. माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. एका नर्सने खोक्यातून पिवळट हातमोजे ओढून चढवले. कसले होते देव जाणे. मी ओरडायला गेले, पण मास्कमधून आवाजच बाहेर पडेना.

आईने माझं मनगट धरून वर केलं. त्यावर हॉस्पिटलने बांधलेली ॲलर्जीची लाल पट्टी होती. "लॅटेक्स! नो! नो लॅटेक्स!" अख्खी खोली थांबली. नर्सने मोजे काढून फेकले, हात धुतले, दुसरं खोकं आणून आधी आईला दाखवलं.

लेक रडली तेव्हा मीही रडले. त्या सगळ्यांचे उपकार कसे फेडू!

तुमच्याही घरात कुणाला फुग्याने, केळ्याने "पित्त" उठत असेल तर आमसुलावर भागवू नका हो. तपासून घ्या.

दुसऱ्या दिवशी ब्रेडा शहरातली माझी मराठी मैत्रीण गुलाबी फुगे घेऊन आली. आई दारातच आडवी उभी राहिली.

"फुगे बाहेर ठेव गं बाळा," ती म्हणाली. "माझ्या मुलीला ॲलर्जी आहे. लहानपणापासून."